लिव्हरची हर्बल कॅप्सूल रोजच्या गोळ्यांबरोबर चालते का?

कवडसा
नमस्कार मंडळी, जरा काळजीतच विचारतेय, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज. बाबा ६७ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू आहे, शिवाय शुगरसाठी मेटफॉर्मिन, बीपीला टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलला अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, हे सगळं बरीच वर्षं चाललंय. आत्ताच्या तपासणीत लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली, एसजीपीटी ७८ आलं, एसजीओटी ५१, बिलिरुबिन ०.८ म्हणजे नॉर्मलच, आणि सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. संपलं. लिव्हरसाठी म्हणून गोळी काही दिलीच नाही, त्यामुळे बाबांना वाटतंय की डॉक्टरांनी मनावरच घेतलं नाही.

मावशीने तिच्या ओळखीत कुणाला तरी फरक पडला म्हणून एक हर्बल लिव्हर कॅप्सूल आणून दिलीय. लेबलवर जे आहे ते जसंच्या तसं लिहिते: सिलिमरिन १४० मिग्रॅ, आणि खाली "प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मिग्रॅ" त्यात भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा, गुळवेल, ज्येष्ठमध, कर्क्युमिन, पाइपरिन. रोज दोन घ्यायच्या म्हणे. मावशी असंही म्हणते की कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच लिव्हर बिघडतं तर ती बंद करून ही चालू करा.

विचारायचं असं की हे बाकीच्या गोळ्यांबरोबर चालतं का, दोन तासांचं अंतर ठेवलं तर चालेल का, आणि कोलेस्टेरॉलची गोळी खरंच थांबवायची का?

मुसाफिर७
सिलिमरिन तर डॉक्टर लोक स्वतःच लिहून देतात, मला काविळीनंतर दिलं होतं, काही त्रास झाला नाही. अंतर ठेवून घेऊ द्या. झाडपाल्याचं आहे, गुण नाही आला तरी अपाय काही नाही असं माझं मत.

रसायनी
कवडसा, मी फार्मासिस्ट आहे आणि हा प्रश्न काउंटरवर जवळपास रोज येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वाच सावकाश.

आधी तातडीचं. बाबा वॉर्फरिनवर आहेत, म्हणून ही कॅप्सूल त्यांना देऊ नकोस. बाकी काही वाचलं नाहीस तरी एवढं वाच. वॉर्फरिन हे असं औषध आहे की ज्याचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांच्यात जागाच फार कमी असते, म्हणून तर त्याला सारखं आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, तपासावं लागतं. ते शरीरातून बाहेर टाकायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं, नाव सीवायपी२सी९. सिलिमरिन, म्हणजे मिल्क थिसल या झाडाच्या बियांचा अर्क, त्या एन्झाइमला थोडंफार अडवतो असं प्रयोगशाळेत दिसलंय, बीपीच्या लोसार्टनवर त्याचा परिणाम माणसांमध्येही नोंदवलेला आहे. बऱ्याच लोकांना एवढ्याने काही होत नाही, पण वॉर्फरिनवाल्याला थोडंसुद्धा पुरतं. आणि कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा अर्क, तो तर जास्त काळजीचा. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एक केस प्रसिद्ध केली होती, वॉर्फरिनवर नीट स्थिर असलेल्या माणसाने हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो तो. १० म्हणजे कुठेही, मेंदूतसुद्धा, आपोआप रक्तस्राव होऊ शकतो.

आता त्या लेबलकडे परत बघ. पाइपरिन हा मिऱ्यातला घटक, तो मुद्दाम घातलेला असतो कारण नुसतं कर्क्युमिन आतड्यातून फारसं रक्तात जातच नाही. पाइपरिन ते शोषण कित्येक पटींनी वाढवतं. पण ते काही फक्त कर्क्युमिनपुरतं थांबत नाही ना, फिटच्या फेनिटॉइनची किंवा बीपीच्या प्रोप्रॅनोलॉलची रक्तातली पातळीही त्याने वाढते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, म्हणजे एकीकडे टेल्मिसार्टन घ्यायची आणि दुसरीकडे तिच्या विरुद्ध काम करणारी गोष्ट. सिलिमरिनने शुगरही थोडी खाली येते, मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर धोकादायक पाडत नाही पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मिग्रॅ" हे शब्द मला सगळ्यात जास्त खटकतात. त्या पाचशेत गुळवेल किती, ज्येष्ठमध किती, कर्क्युमिन किती, काहीच कळत नाही. जे मोजताच येत नाही त्याचा डोस बरोबर आहे की चूक हे मी किंवा डॉक्टर सांगणार कसं?

दोन तासांच्या अंतराबद्दल, मुसाफिर तुम्ही चांगल्या भावनेने सांगितलंत पण इथे ते लागू पडत नाही. अंतर ठेवून फायदा होतो तो दोन गोष्टी पोटातच एकमेकींना चिकटत असतील तेव्हा, उदाहरणार्थ थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह, म्हणून तिथे चार तास ठेवायला सांगतात. इथली भानगड पोटात होत नाही, लिव्हरमध्ये होते. वॉर्फरिन शरीरात काही दिवस टिकून असतं, सकाळी एक आणि रात्री एक घेतली तरी दोघांची गाठ पडायचीच.

कोलेस्टेरॉलची गोळी मनाने अजिबात बंद करायची नाही. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीच्या आत असेल तर सहसा स्टॅटिन चालूच ठेवतात, बाबांचं तिपटीच्या आतच आहे. फॅटी लिव्हर असलेल्यांना पुढे धोका असतो तो लिव्हरपेक्षा हार्टचा जास्त, आणि ही गोळी हार्टसाठीच आहे.

शेवंती
"अपाय काही नाही" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या आईला गुळवेलीच्या गोळ्यांनी कावीळ झाली होती. ती पूर्वीपासून थायरॉइडची पेशंट, बाकी तब्येत ठणठणीत. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून रोज गुळवेल चालू होती, काही आठवड्यांनी आधी अंगाला खाज सुरू झाली, खाज म्हणजे रात्ररात्र झोप नाही, तळपाय खाजवून खाजवून लाल. आम्हाला वाटलं त्वचेचं काहीतरी असेल. मग लघवी गडद व्हायला लागली, अगदी कोऱ्या चहासारखी, जेवण नकोसं झालं, आणि मग डोळे पिवळे दिसले. एसजीपीटी हजाराच्या वर. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. शेवटी बायोप्सी केली तर ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखं चित्र दिसलं, स्टिरॉइड द्यावे लागले. आता ती बरी आहे पण ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो.

लिव्हरच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते, थायरॉइडचे काही प्रकार, संधिवात वगैरे, त्यांच्यात ते लिव्हरवर जाऊ शकतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा ६ पेशंटची माहिती छापली होती, पुढच्या वर्षी वेगवेगळ्या हॉस्पिटलांमधल्या ४३ जणांची आली. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर आक्षेप घेतला होता हेही खरंय. पण माझ्या आईचं लिव्हर त्या गोळ्या बंद केल्यावर आणि उपचार झाल्यावर सावरलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लाखो लोक घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, मान्य आहे, पण आपलं माणूस त्या थोड्यांत आहे का हे आधी कुणालाच सांगता येत नाही हो.

भृंगराज
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. रसायनींनी लिहिलेलं बरोबर आहे आणि मला ते आयुर्वेदाच्या विरोधातलं मुळीच वाटत नाही. कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा ही यकृताच्या विकारांत वापरायची चांगली द्रव्यं आहेत, मी स्वतः वापरतो. पण कुटकी रेचक आहे, पुनर्नवा मूत्रल आहे, दोन्ही कुणाला, किती आणि किती दिवस द्यायच्या याला विचार लागतो. ज्याला आधीच लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्याला पुनर्नवा देताना मी दहादा विचार करेन, आणि वॉर्फरिनवाल्या पेशंटला कुटकीने जुलाब लागले आणि चार दिवस खाणंपिणं सुटलं तर तेवढ्यानेही आयएनआर हलतो. आठ द्रव्यं एका कॅप्सूलमध्ये कोंबून सगळ्यांना सारखीच वर्षभर द्यायची याला मी चिकित्सा म्हणणार नाही.

अजून एक, इथे कुणीतरी आरोग्यवर्धिनी सुचवेलच म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिच्यात कुटकी असते हे लोकांना माहीत असतं, पण पारा आणि गंधकाची कज्जली असते, ताम्रभस्म असतं, लोहभस्म असतं, हे घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. ती वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायची गोष्ट नाही, किडनी नाजूक असेल तर नाहीच नाही. आणि औषध कुठे बनलंय यावरही फार अवलंबून आहे, २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली तर जवळपास २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आमच्याच शास्त्राचं नाव अशाने खराब होतं, म्हणून मला याचा जास्त राग येतो.

गुळवेलीच्या बाबतीत वनस्पतीची ओळख हाही मुद्दा आहे, दिसायला जवळची दुसरी वेल मिसळली जाऊ शकते. पण शेवंती, तुमच्या आईंसारख्या पेशंटना मी अस्सल गुळवेलसुद्धा देणार नाही.

कवडसा, वैद्याकडे जायचं असेल तर जरूर जा, पण सगळ्या गोळ्यांची यादी आणि शेवटचे आयएनआर रिपोर्ट घेऊन जा, आणि जो वैद्य ते न बघता औषध देईल त्याच्याकडून घेऊ नका.

मुसाफिर७
हे सगळं माहीत नव्हतं, धन्यवाद. मग सिलिमरिन काहीच कामाचं नाही असं म्हणायचं का? मला तर डॉक्टरांनीच दिलं होतं.

रसायनी
मुसाफिर, तसं एकदम नाही. विषारी अळंबी खाऊन लिव्हर निकामी व्हायला लागतं तेव्हा त्यातलाच सिलिबिनिन हा घटक शिरेतून देतात, युरोपात ते वापरात आहे. पण रोजच्या कॅप्सूलचं बोलायचं तर हिपॅटायटिस सी च्या १५४ पेशंटवर झालेली एक चांगली चाचणी २०१२ मध्ये छापून आली, नेहमीच्या तिप्पट आणि पाचपट डोस २४ आठवडे दिला तरी साध्या खोट्या गोळीपेक्षा एसजीपीटीमध्ये जास्त फरक पडला नाही. फॅटी लिव्हरमध्ये काही छोट्या अभ्यासांत आकडा थोडा उतरलेला दिसतो, पण लिव्हर आतून सुधारतं असं ठामपणे म्हणावं इतकं हातात काही नाही. एकटं सिलिमरिन तसं बऱ्यापैकी सौम्य आहे, पोट बिघडणं, क्वचित अ‍ॅलर्जी, शेवंती-झेंडूच्या कुळातलं झाड आहे त्यामुळे त्या फुलांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी जपायचं. तुम्हाला डॉक्टरांनी तुमच्या बाकीच्या गोळ्या बघून दिलं, तिथे ते ठीकच होतं.

माझी भीती सिलिमरिनची कमी आणि त्याच्याबरोबर बाटलीत काय काय येतं त्याची जास्त आहे. लिव्हरला सांभाळणारं म्हणून जे विकलं जातं त्यातल्याच काहींनी लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. कर्क्युमिन पाइपरिनसकट, ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, वजन उतरवायचं गार्सिनिया. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त झालं तर लिव्हर एन्झाइम वाढू शकतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय, आणि अश्वगंधेवर तर डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदीच घातली, जरी तिथली चिंता मुख्यतः हार्मोन आणि गर्भावरच्या परिणामांची होती. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची जी मोठी नोंदणी चालते त्यात साधारण पाचात एक केस हर्बल आणि तत्सम सप्लिमेंटची निघाली.

ओंजळ
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या नवऱ्याला टीबीचं एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू आहे, त्या गोळ्या लिव्हरला जड असतात म्हणून घरच्यांनी "लिव्हर टॉनिक" सुरू करा असा धोशा लावलाय. ते पण नको का?

रसायनी
ओंजळ, टीबीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिन्हींनी लिव्हरला त्रास होऊ शकतो. समजा उद्या एसजीपीटी वाढलं तर ते कशाने वाढलं हे शोधायला डॉक्टरांना एकेक गोळी थांबवून परत सुरू करावी लागते, त्यात अजून एक अनोळखी बाटली आली की सगळाच गुंता होतो आणि टीबीचा उपचार लांबतो. त्यापेक्षा मळमळ, उलट्या, भूक एकदम जाणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते ती नेहमीची, तिला घाबरू नका, चहासारखी तपकिरी झाली तर मात्र लगेच.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार, पण आत्ता बाबांशी बोलले तर कळलं की त्यांनी गेल्या आठवड्यातच कॅप्सूल सुरू केलीय, मला कुणी बोललंच नाही. काय करू? आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते चिडतील म्हणून बाबा सांगायलाच तयार नाहीत.

रसायनी
कॅप्सूल आज थांबव आणि आयएनआर उद्याच करून घे. वॉर्फरिनचा डोस मनाने कमी-जास्त करायचा नाही, कॅप्सूल थांबवल्यावर आयएनआर उलट्या दिशेने खालीही सरकू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावा लागेल. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, न आपटता काळेनिळे डाग, काळी शौच, किंवा अचानक खूप डोकं दुखणं, यातलं काही झालं तर थेट इमर्जन्सीत जायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही. डोक्याला मार लागला तरी तसंच, वरून काही दिसत नसलं तरी.

सांगण्याबद्दल, बाबांना म्हण की डॉक्टर बघणार ते आयएनआर, आणि तो वाढलेला दिसला आणि कारण माहीत नसलं तर ते वॉर्फरिनचा डोस कायमचा कमी करून बसतील, मग कॅप्सूल सुटल्यावर तोच डोस अपुरा पडेल आणि गुठळी व्हायची भीती. म्हणजे न सांगण्याने डॉक्टर फसत नाहीत, बाबांचाच डोस चुकतो. बाटलीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढ, लेबल वाचता येईल असे, आणि फक्त एवढंच बोला की "हे अमुक दिवसापासून घेतलं होतं, आता थांबवलंय". बाटली फेकू नकोस, पुढे गरज पडली तर बॅच नंबर लागतो.

भृंगराज
आणि एसजीपीटी का वाढलंय हे पूर्ण बघून झालंय का तेही विचारा. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी. फॅटी लिव्हर सोनोग्राफीत दिसलं म्हणजे बाकी काही नाहीच असं धरून चालत नाही. पॅरासिटामॉल वगैरे मनाने किती घेतात तेही सांगा, सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं.

कवडसा
आयएनआर ३.७ आला. मागच्या महिन्यात २.४ होता. बाबा स्वतःच डॉक्टरांना फोटो दाखवायला तयार झाले, डॉक्टर चिडले वगैरे काही नाहीत, उलट म्हणाले बरं झालं बाटली आणली. वॉर्फरिनचा एक डोस चुकवायला सांगितला, पुढचा तोच ठेवला आणि आठवड्याने परत आयएनआर. हिपॅटायटिस बी, सी पण लिहून दिलंय. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालूच. बाबांनी त्यांना सरळ विचारलं की लिव्हरला मग औषध काय, तर म्हणाले आत्ताच्या वजनाच्या ७ ते १० टक्के उतरवा, नुसते ५ टक्के उतरले तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, हेच औषध आहे आणि याचं वॉर्फरिनशी भांडण नाही, फक्त खाण्यात एकदम मोठे बदल करू नका, केले तर कळवा म्हणजे आयएनआर बघता येईल. बाबांचं वजन ८४ आहे, म्हणजे सहा ते आठ किलो. मावशीला मी हा धागा पाठवलाय, तिने फोन करून शेवंतींच्या आईची चौकशी केली, आणि तिच्याकडे अजून एक बाटली आहे ती ती स्वतः थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतेय म्हणाली.

शेवंती
आई आता छान आहे गं, मावशींना सांग. आणि त्यांची थायरॉइडची गोळी कशासाठी चालू आहे, हाशिमोटो (प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो आजार) आहे का ते विचार, त्या बाटलीत गुळवेल आहेच. तोपर्यंत घेऊ नका म्हणावं, आणि खाज किंवा गडद लघवी काही आहे का ते आजच विचार.

रसायनी
+१. आणि काहीच त्रास नसला तरी एकदा एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्यायला सांग त्यांना, सुरुवातीला बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही.